हवामान बदल आणि आपलं पोटाचं पीक : कोल्हापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गगनबावड्यापासून शिरोळपर्यंतचे शेतकरी, कृषी पदविकेची मुलं, हायस्कूलचे शिक्षक आणि बचत गटांतल्या ताई-मावशी यांच्याकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी मांडली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. जिथं दोन उत्तरांचा संबंध येतो तिथं दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. वर्षभराच्या सरासरीवरून पिकाचं नुकसान कळत नाही. पेरणी, फुलोरा, दाणा भरणं आणि कापणी या मोजक्या दिवसांत आभाळ कसं वागतं, यावर सगळं ठरतं.

१. ऊन-पाऊस तर दरवर्षी कमी-जास्त होतोच. मग ‘हवामान बदल’ म्हणजे वेगळं काय?

एक साल कोरडं गेलं, पुढचं ओलं गेलं, याला हवामान बदल म्हणत नाहीत. तीस-तीस वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर त्यांची चालच बदललेली दिसली, तर तो हवामान बदल. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. कोळसा आणि तेल जाळणं, जंगलं तोडणं ही त्याची मुख्य कारणं. १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसनं जास्त होतं, आणि २०२४ हे एकटं वर्ष दीड अंशाच्याही पुढे गेलं. भारतापुरतं बोलायचं तर १९०१ ते २०१८ या काळातली वाढ सुमारे ०.७ अंश आहे.

२. अर्ध्या-एक अंशानं पिकाला काय होणार? आम्ही तर मे महिन्यात ४० अंशांत रानात असतो.

पिकाला सरासरी कळत नाही, त्या त्या दिवसाचं ऊन कळतं. सरासरी एका अंशानं वर सरकली की अतिउष्ण दिवस वाढतात, आणि ते नेमके फुलोऱ्यात आले तर दाणाच धरत नाही.

भाताची लोंबी निसवली की सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला तिच्यातली काही फुलं उघडतात. प्रत्येक फूल एकदाच उघडतं, तेही तासाभरासाठी. तेवढ्यात पराग पडायचा, रुजायचा आणि फूल मिटायचं. त्या तासात तापमान ३५ अंशांच्या वर असेल तर मोठ्या प्रमाणावर वांझ दाणे राहतात. एक लोंबी शेंड्यापासून बुडापर्यंत फुलायला आठवडाभर लागतो. म्हणजे चार-साडेचार महिन्यांच्या पिकाचा निकाल आठवडाभराच्या सकाळींत लागतो. कापणीच्या आधी रानाच्या चार कोपऱ्यांतून पाच-पाच लोंब्या घेऊन दाणे नखानं दाबून पाहा. दबणारा, पोचट दाणा म्हणजे त्या सकाळी फसलेलं फूल, किंवा नंतर भरायचं राहून गेलेला दाणा. पोचट दाणे लोंबीत विखुरलेले असतील तर फुलोऱ्याच्या दिवसांत काय झालं ते आठवा. बुडाकडचेच जास्त पोचट असतील तर दाणा भरताना पाणी, ऊन किंवा खत कमी पडलं असण्याची शक्यता जास्त.

आपल्या खरीप भाताचा फुलोरा सप्टेंबरात येतो, तेव्हा कोल्हापुरात इतकं ऊन नसतं. उष्णतेचा हा धोका मुख्यतः उन्हाळी भाताला आहे. खरिपात आपला शत्रू वेगळा आहे, तो प्रश्न ७ मध्ये पाहा.

३. दिवसाचं ऊन समजलं, पण रात्र गरम झाली तर भाताला काय त्रास?

रोप दिवसा अन्न बनवतं आणि रात्री श्वसनात त्यातलं काही खर्च करतं. रात्र जितकी उबदार, तितका खर्च जास्त आणि दाण्यात जाणारा वाटा कमी. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावर वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून २००४ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कोरड्या हंगामातल्या भाताच्या वाढीच्या काळात रात्रीचं किमान तापमान एका अंशानं वाढलं की उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटतं. तो आकडा त्या शेतापुरता आणि त्या हंगामापुरता आहे. पण दुपारचं ऊन आपण बोलून दाखवतो आणि रात्रीकडे लक्षच देत नाही, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

४. सरळ आकडा सांगा. एक अंश वाढला की किती घट?

जगभरचे प्रयोग, नोंदी आणि संगणकीय प्रतिमानं एकत्र करून २०१७ साली मांडलेला अंदाज असा: जागतिक सरासरी तापमानात दर एक अंश वाढीमागे मका ७.४ टक्के, गहू ६ टक्के, भात ३.२ टक्के आणि सोयाबीन ३.१ टक्के घट. हवेतल्या वाढत्या कार्बनचा फायदा, नवे वाण आणि शेतकऱ्यानं बदललेली पद्धत यांतलं काहीही न धरता काढलेले हे आकडे आहेत.

हे गणित कृपा करून आपल्या वीस गुंठ्यांना लावू नका. जागतिक सरासरीत थंड देशांतला फायदा आणि उष्ण देशांतला तोटा एकमेकांत मिसळलेला असतो. शिवाय तुमच्या रानात एखाद्या वर्षी शून्य टक्के आणि पुढच्या वर्षी ऐंशी टक्के नुकसान होऊ शकतं. घर मोडतं ते त्या ऐंशी टक्क्यांच्या सालात.

५. पण आजोबांच्या काळापेक्षा एकरी उतारा तर वाढलाय. मग घट कुठं आहे?

वाढलाय हे खरं. सुधारित वाण, रासायनिक खतं, विहिरी, उपसा सिंचन योजना यांनी उतारा वर नेला. हवामान त्याच वेळी तो खाली ओढत होतं, म्हणून चढ जेवढा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. १९६१ पासून हवामान बदलानं जगाच्या शेती उत्पादकतेतली सुमारे २१ टक्के वाढ गिळली, असा अंदाज २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात आहे. आफ्रिकेसाठी तो ३४ टक्के निघाला. म्हणजे मेहनत, खत आणि कर्ज वाढत गेलं, पण त्याचं पूर्ण माप पदरात पडलं नाही. ‘खर्च दुप्पट आणि पोती तेवढीच’ ही तक्रार गावोगाव ऐकू येते. तिच्यामागे बाजार, मजुरी, जमिनीचा कस अशी अनेक कारणं आहेत, आणि त्यांत हवामानही आहे.

६. फटका गरीब देशांनाच जास्त का? ऊन तर सगळीकडे वाढतंय.

पहिलं कारण भूगोलाचं. उष्ण कटिबंधातली पिकं आधीच सोसण्याच्या टोकाजवळ आहेत. कॅनडातल्या गव्हाला अर्धा अंश कदाचित मानवेल, मध्य प्रदेशातल्या गव्हाला नाही. आफ्रिकेतल्या मक्याच्या हजारो चाचण्यांमधून २०११ साली असं दिसलं की ३० अंशांच्या वर जितका वेळ तापमान राहतं, त्या प्रत्येक ‘अंश-दिवसाला’ (म्हणजे दिवसभर ३० च्या वर एक अंश) चांगल्या पावसातही उत्पादन एक टक्क्यानं घटतं आणि दुष्काळात १.७ टक्क्यांनी.

दुसरं कारण पाण्याचं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे ९५ टक्के शेती पावसावर आहे. तिथं २०२० ते २०२३ दरम्यान केनिया, इथिओपिया आणि सोमालिया या पट्ट्यात लागोपाठ पाच पावसाळे फसले. त्याच काळात पाकिस्तानात २०२२ च्या पुरानं सिंधमधलं भात आणि कापूस बुडवलं. मोझांबिकमध्ये मार्च २०१९ मध्ये ‘इडाई’ चक्रीवादळ आलं ते मका कापणीच्या तोंडावर.

तिसरं कारण मला सगळ्यांत बोचणारं वाटतं. दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन असलेले शेतकरी जगाचं सुमारे एक तृतीयांश अन्न पिकवतात, आणि त्यांच्याकडे एक हंगाम गेल्यावर उभं राहायला काहीच नसतं. भारतात तर दर १०० खातेदारांमागे ८६ अल्पभूधारक. अमेरिकेतला शेतकरी विम्यावर तरतो. आपल्याकडे म्हैस विकली जाते किंवा पोरीचं शिक्षण थांबतं. तापमान सारखंच वाढलं तरी सोसायची ताकद सारखी नसते.

७. कोल्हापूरला पावसाची कमी नाही. मग आपण कशाला काळजी करायची?

पाऊस किती पडला यापेक्षा तो कधी आणि कसा पडला, हे भाताला जास्त लागतं. तापमान एका अंशानं वाढलं की हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस लांबतो, आणि आला की एकदम ओततो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटानं १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिप्पट झाल्याचं त्यांना दिसलं.

आता हे आपल्या शिवारात उतरवून पाहू. पश्चिमेकडच्या तालुक्यांत धूळवाफ पेरणी चालते. वळवाच्या एक-दोन सरींवर रान तयार करायचं, रोहिणी नक्षत्रात कोरड्या मातीत भात पेरायचं आणि मृगाच्या पावसावर ते उगवून यायचं. जुलैचा मारा येईपर्यंत रोपानं मूळ धरलेलं असतं. रोप लावणीसाठी मजूर मिळेनात तेव्हा याच पद्धतीनं डोंगरपट्टा तगला. पण तिचं सगळं वेळापत्रक वळीव आणि मान्सून यांच्यामधल्या उघडिपीवर उभं आहे. २०२५ साली मान्सून २४ मे रोजीच केरळात पोहोचला आणि लगोलग महाराष्ट्रात शिरला. वळीव आणि मान्सून एकमेकांना चिकटले, वाफसा (मशागतीजोगी ओल) मिळेना, आणि कुळवाची पाळी व्हायच्या आधी रानात तण आलं. याच्या उलटही होतं: पेरणी उगवली आणि मग पंधरा दिवस ढग कोरडे, म्हणजे दुबार पेरणी.

सप्टेंबरात फुलोऱ्यावेळी झड लागली तर पराग धुऊन जातो आणि दाणे पोचट राहतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस रेंगाळला तर पिकलेलं भात आडवं होतं आणि लोंबीतच कोंब फुटतात. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळाच्या काळात कोकण आणि घाटमाथ्यावरच्या अनेकांनी हे पाहिलं आहे. त्या वर्षी पाऊस सरासरीहून जास्त होता आणि घरात भात कमी आलं.

८. पंचगंगेला पूर पूर्वीही यायचे. सगळं हवामान बदलावर ढकलणं बरोबर आहे का?

बरोबर नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. इतक्या कमी दिवसांत इतका पाऊस पडणं यामागे तापलेल्या हवेचा हात आहे. पण पाणी किती दिवस तुंबून राहिलं, याला पूररेषेतली बांधकामं, ओढ्यांवर टाकलेला भराव, पुलांचे आणि महामार्गाचे उंच रस्ते, धरणांतून पाणी सोडण्याची वेळ हीही कारणं आहेत. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पातळीचा वाद आहेच.

हे वेगळं करून पाहणं पिकासाठी गरजेचं आहे. पाऊस गावाच्या हातात नाही, ओढा मोकळा करणं आहे. दोन दिवसांत ओसरलेल्या पाण्यातून पीक सावरतं, आठ दिवस तुंबलेल्यातून नाही.

९. भात तर पाण्यातलंच पीक. मग पुरात कुजतं कसं?

भाताचे पाय पाण्यात चालतात, डोकं नाही. रोप पूर्ण बुडालं की ऊन आणि हवा दोन्ही तुटतात. मग साधं वाण श्वास घेण्यासाठी धडपडत उंच वाढतं, साठवलेली शक्ती त्यात संपवतं आणि पाणी ओसरल्यावर कोलमडतं. ओडिशातल्या एका जुन्या देशी वाणात याला उत्तर सापडलं. त्यातला ‘सब-१’ हा जनुक रोपाची वाढ थांबवून शक्ती राखून ठेवतो. तो घालून तयार केलेलं ‘स्वर्णा सब-१’ हे वाण भारतात २००९ साली आलं. ते दोन आठवड्यांपर्यंत बुडून राहिलं तरी जगतं.

इथं दोन अपवाद नीट लक्षात ठेवा. हा गुण फुटव्यांच्या वयातल्या रोपाला वाचवतो. पोटरीत (लोंबी बाहेर पडण्याआधी) किंवा फुलोऱ्यात पाणी आलं तर नाही. आणि आपल्या पुराचं पाणी गढूळ असतं. पानांवर बसलेला गाळ ऊन अडवतो, त्यामुळे स्वच्छ पाण्यातल्या प्रयोगाइतके दिवस इथं मिळत नाहीत. शिवाय स्वर्णा हे पूर्व भारताच्या सवयीचं, उशिरा येणारं वाण आहे. आपल्या भागासाठी काय घ्यायचं ते राधानगरीच्या कृषी संशोधन केंद्रात विचारावं.

१०. शाळू आणि नाचणीचं काय? ती तर काटक पिकं म्हणतात.

काटक आहेत, पण त्यांचीही दुखरी जागा आहे. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, काळ्या रानात साठलेल्या ओलीवर येतो. परतीचा पाऊस लांबला की पेरणी पुढे जाते, आणि मग दाणा भरायच्या वेळी ओल संपलेली असते. हिवाळ्यात ढगाळ हवा आणि अवकाळी सरी आल्या की मावा वाढून पानांवर चिकटा पडतो. दाणे काळे पडले की भाकरीचा रंगही जातो आणि भावही. गडहिंग्लज, कागल, शिरोळकडच्या शेतकऱ्यांकडून हेच ऐकायला मिळतं.

नाचणी डोंगरउताराच्या वरकस जमिनीत, कमी खतात येते. तिच्यात भाताच्या किंवा गव्हाच्या सुमारे दहापट कॅल्शियम असतं. कोल्हापूरच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रातून तिचे सुधारित वाणही आले आहेत. पण ‘नाचणी लावा, प्रश्न मिटला’ असं कुणी सांगितलं तर लगेच मान हलवू नका. सलग पावसात तिच्यावर करपा येतो, लावणी-भांगलणीला माणसं लागतात, गवे आणि डुकरं रात्रीत पट्टा साफ करतात. आणि भाव चांगला मिळाल्याशिवाय ती परत रानात येणार नाही. भाताच्या जोडीला ठेवण्यासाठी मात्र तिच्याइतकं चांगलं पीक या डोंगरपट्ट्यात दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

११. हवेत कार्बन वाढला की पीक जोमानं वाढतं असं वाचलं. मग हा फायदाच नाही का?

अर्धं खरं आहे. भात, गहू, सोयाबीन यांना जास्त कार्बन डायऑक्साइडचा फायदा होतो. मका, ज्वारी, बाजरी, नाचणी आणि ऊस यांची अन्न बनवण्याची रीत वेगळी आहे. त्यांना तो फारसा मिळत नाही, फक्त पाणी थोडं कमी लागतं. ज्यांना फायदा होतो त्यांचाही तो ऊन, पाण्याची ओढ आणि नत्राची कमतरता यांत बराचसा विरतो.

दाण्याच्या कसाचा मुद्दा याहून गंभीर आहे. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ५५० च्या आसपास भाग ठेवून वाढवलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्के आणि लोह ५ टक्के कमी भरलं. भातातली प्रथिनं जवळपास ८ टक्के घटली. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरात ताटातला मोठा भाग भात-भाकरीचाच असतो, तिथल्या बाळंतिणीला आणि लहान पोराला ही घट लागते. पोत्यांची संख्या तीच राहिली तरी.

१२. रशिया-कॅनडात गहू वाढणार असेल तर जगाला धान्य कमी कसं पडेल?

२०२१ च्या एका प्रतिमान-अभ्यासात, उत्सर्जन भरमसाट वाढत राहिलं तर शतकाअखेर जगाचं मक्याचं उत्पादन २४ टक्क्यांनी घटेल आणि गव्हाचं १७ टक्क्यांनी वाढेल, असं निघालं. म्हणजे तुमचा मुद्दा कागदावर पूर्ण चुकीचा नाही. पण तो वाढलेला गहू उत्तरेत पिकणार, आणि तो विकत घ्यायचा तर खिशात पैसे लागणार. मलावीतल्या ज्या कुटुंबाचा मका गेला त्याचं धान्यही गेलं आणि कमाईही गेली. शिवाय संकटात देश आधी आपली दारं बंद करतात. ते आपणही केलं आहे, पुढचा प्रश्न पाहा.

१३. मी सगळा ऊसच करतो, धान्य विकत आणतो. माझा काय संबंध?

संबंध आहेच, फक्त तो तुमच्या बांधावरून न येता वाण्याच्या दुकानातून आणि रेशनवरून येतो. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींतला भारतातला सर्वांत उष्ण मार्च होता. पंजाब-हरियाणात तेव्हा गव्हाचा दाणा भरत होता. तो अकाली वाळला, बारीक राहिला. फेब्रुवारीत ११ कोटी १३ लाख टनांचा सरकारी अंदाज मे महिन्यात १० कोटी ६४ लाखांवर आला, आणि १३ मे रोजी निर्यात बंद झाली. पुढच्या वर्षी, २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याआधीच, २० जुलैला, बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली होती. त्याचा धक्का थेट पश्चिम आफ्रिकेतल्या बाजारांपर्यंत गेला.

उसालाही हवामान सोडत नाही. शेंड्यात गढूळ पाणी शिरलं की पोंगा कुजतो, हे पूरपट्ट्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि जिल्ह्यातलं बागायती रान जवळजवळ एका पिकात असल्यानं एका पुरात सगळंच जातं.

१४. कीड-रोग वाढलेत तेही यामुळेच का?

काही अंशी. उबदार हवेत किडीच्या पिढ्या लवकर होतात आणि ती खातेही जास्त. दर एक अंशामागे भात, गहू, मका यांचं किडींमुळे होणारं नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल असा २०१८ चा अंदाज आहे. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी मात्र मुळात व्यापार आणि वाऱ्याबरोबर पसरली. ती आफ्रिकेत २०१६ मध्ये आणि भारतात २०१८ मध्ये आली. तिला मानवणारा उबदार हिवाळा हा हवामानाचा भाग.

१५. देशी वाण चांगलं की सुधारित?

या भांडणात पडू नका. आजरा घनसाळ हा भौगोलिक मानांकन मिळालेला आपला ठेवा आहे. सुवास आणि भाव दोन्ही उत्तम, पण उंच वाढत असल्यानं वाऱ्या-पावसात लोळतो. सुधारित बुटकी वाणं उभी राहतात, पण पूर आला की आधी बुडतात. ‘सब-१’ हा जनुक देशी वाणातून मिळाला आणि सुधारित वाणात उपयोगी पडला (प्रश्न ९), यावरून दोन्ही का जपायची ते कळेल. घरचं देशी बी दरवर्षी थोडं तरी पेरून जिवंत ठेवा. डब्यात ठेवलेलं बी दोन-तीन पावसाळ्यांत उगवणशक्ती घालवतं.

१६. माझ्या तीस गुंठ्यांत मी नेमकं काय करू?

सगळं भात एका दिवशी फुलोऱ्यात येऊ देऊ नका. अर्ध्या रानात हळवं (लवकर येणारं) आणि अर्ध्यात निमगरवं (मध्यम मुदतीचं) वाण घेतलं, किंवा पेरणीत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवलं, तर एका झडीत सगळं सापडत नाही. दुबार पेरणीसाठी थोडं बी बाजूला ठेवा. ऐनवेळी दुकानात मिळतं ते तुमच्या रानाचं नसतं. धूळवाफ साधली नाही तर हाती असावा म्हणून एका कोपऱ्यात तरवा (लावणीसाठीची रोपं) टाकून ठेवा. चर वेळेत काढा. नदीकाठच्या मळीच्या रानात पुरात टिकेल ते आणि माळावर पोटाचं धान्य, अशी विभागणी करणारी घरं जास्त निर्धास्त असतात. कापणीच्या आठवड्यात भारतीय हवामान विभागाचा अंदाज रोज पाहा, ‘मेघदूत’ ॲपवर तो मराठीतही मिळतो.

हे सगळं करूनही २०१९ सारख्या वर्षी पीक जाऊ शकतं. ते तुमचं अपयश नाही.

१७. पीक गेलं तर मदत किती मिळते? विमा काढून उपयोग होतो का?

आपत्ती मदत आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपत्ती मदतीसाठी पंचनाम्यात किमान ३३ टक्के नुकसान दिसावं लागतं. २०२२–२०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांप्रमाणे जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकार कधी कधी यात भर घालतं. जिरायतीचा हिशेब गुंठ्याला काढला तर साधारण ८५ रुपये पडतात. एका गुंठ्याच्या भांगलणीलाही ते पुरत नाहीत, आणि हे बदलायला हवं.

विम्यात शेतकऱ्याचा वाटा खरिपाला २ टक्के आणि रब्बीला दीड टक्का. महाराष्ट्रात २०२३ पासून एक रुपयात विमा होता, २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही ठरावीक रानांतलं पीक कापून काढलेल्या सरासरीवर, आली. इथली मेख समजून घ्या. प्रयोग महसूल मंडळाचा असतो. तुमच्या मळीचं भात गेलं पण मंडळाची सरासरी टिकली, तर हाती काही येत नाही. दुसरी मेख अशी की उंबरठा उत्पादन (सरासरी ज्याच्या खाली गेली तरच भरपाई मिळते ते) गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांवरून ठरतं. दोन वाईट वर्षं त्यातून वगळली जातात, पण तिसरं वाईट साल आलं की उंबरठाच खाली येतो. हवामानानं वारंवार मारलेल्या मंडळाचं संरक्षण असं हळूहळू झिजतं. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या हंगामाचा शासन निर्णय तालुका कृषी कार्यालयात पाहून घ्या.

१८. भाताच्या खाचरातून मिथेन निघतो म्हणे. मग दोष आमचाच का?

साचलेल्या पाण्याखालच्या मातीत हवा नसते, तिथले जिवाणू मिथेन तयार करतात, हे खरं आहे. पण वातावरणात साठलेला कार्बन मुख्यतः श्रीमंत देशांच्या कोळशा-तेलाचा आहे. पोटासाठी भात लावणाऱ्यावर त्याचं ओझं टाकणं अन्यायाचं आहे. तरी पाणी सतत तुंबवून न ठेवता आळीपाळीनं सुकू दिलं तर पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचतं आणि मिथेनही बराच कमी होतो. उन्हाळी भातात, जिथं पंपाचं पाणी असतं, तिथं हे करून पाहण्यासारखं आहे. भेगा पडेपर्यंत मात्र सुकवू नका, आणि फुलोऱ्यात पाणी तोडू नका. गगनबावड्याच्या जुलैमध्ये खाचर सुकवा असं सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

१९. आमच्या शाळेला गावचा पाऊस मोजायचा आहे. कसा मोजावा?

महसूल मंडळाच्या केंद्रावरचा आकडा आणि तुमच्या वाडीतला पाऊस यांत डोंगरपट्ट्यात खूप फरक पडतो, त्यामुळे हे काम मोलाचं आहे. साधं पर्जन्यमापक मोकळ्या जागी, झाडा-भिंतीपासून लांब बसवा. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान विभागाची वेळ तीच आहे. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे १०० मिलिमीटर झाला की एका गुंठ्यावर सुमारे १०,००० लिटर पडलं. त्याच वहीत शेजारच्या शेतांतली पेरणी, निसवण आणि कापणी यांच्या तारखाही लिहा. पावसाचे आकडे सरकारकडेही असतात, या तारखा कुणीच लिहून ठेवत नाही.